सायकल घेताना पोरीला दुकानात न्या

जून महिना तोंडावर आला की आपल्या गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या बदलतात. बी-बियाणं, खत, आणि त्याच्याबरोबर वह्या, दप्तर आणि सायकल. आठवीत गेलेल्या पोरीला गावातली शाळा संपते आणि हायस्कूल दुसऱ्या गावात असतं. एसटी वेळेवर येत नाही, वडापच्या गाडीत पोरीला कोंबून पाठवायला मन धजत नाही. मग आई म्हणते, ताई, सायकलीसाठी कर्ज पाहिजे. आज मी त्याच सायकलीबद्दल बोलणार आहे. कर्ज कसं घ्यायचं ते आपल्याला येतं. सायकल कशी निवडायची ते मात्र आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. मलाही नव्हतं, आणि माझ्या चुकीची किंमत एका पोरीनं मोजली. आधी तेच सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या सात जणींनी एकदमच सायकलीसाठी कर्ज मागितलं. मी समन्वयक, हिशेब मला येतो, म्हणून दुकानात मीच गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, सातही सायकली एकाच मापाच्या घ्या, प्रत्येकी तीनशे रुपये कमी करतो." एकवीसशे रुपये वाचत होते. मला आनंद झाला. सव्वीस इंची चाकाच्या, उंच फ्रेमच्या, जाड टायरच्या, पुढे शॉकअप असलेल्या झकपक सायकली मी टेम्पोत घालून वाडीत आणल्या. फोटो काढले, हार घातला, नारळ फोडला.

त्या सातांमधली एक पोर चणीनं लहान. सीट सगळ्यात खाली केली तरी तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. "मोठी होईल की, दोन वर्षं चालायला पाहिजे," असं आम्हीच म्हणालो. कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो, तशी सायकल घेतली. आमच्या वाडीपासून हायस्कूल साडेचार किलोमीटर. मध्ये एक उतार आणि खाली ओढा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या उतारावर समोरून म्हैस आली. पोरीची बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत नीट पोचत नव्हती. थांबायला पाय टेकवावा तर जमीन लागेना. ती हातावर पडली आणि मनगटाचं हाड मोडलं.

सहा आठवडे प्लास्टर होतं. पण खरी अडचण प्लास्टर काढल्यावर सुरू झाली. पोर सायकलीला हात लावेना. आजी म्हणाली, "पुरे झाली शाळा, घरात काय कमी कामं आहेत?" सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली, तिच्या हँडलला कांद्याची पिशवी टांगली गेली. आणि तिची आई दर महिन्याला खुरपणीच्या पैशातून तिचा हप्ता भरत होती. बैठकीत ती माझ्यासमोर पैसे ठेवायची आणि काही बोलायची नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी मी बाजाराच्या गावातल्या एका म्हाताऱ्या सायकल मिस्त्रींना ती सायकल दाखवली. त्यांनी ती उचलून बघितली, चाक फिरवलं, ब्रेक दाबला आणि म्हणाले, "ताई, सायकल वाईट नाही. माप चुकलंय. बांगडी घेताना हात बघता ना?" त्या दिवशी दोन तास मी त्यांच्या दुकानात पाटावर बसून होते. त्यानंतरही पुष्कळदा गेले. आज जे सांगणार आहे त्यातलं बरंच तिथंच शिकले.

पहिली गोष्ट माप. सायकलीला दोन मापं असतात. एक चाकाचं आणि एक फ्रेमचं. दुकानदार बहुतेक वेळा फक्त चाकाचं सांगतो. वीस इंची, चोवीस इंची, सव्वीस इंची. ढोबळमानानं सांगायचं तर साडेचार फुटांच्या आसपास उंची असलेल्या पोरीला चोवीस इंची चाक बरं पडतं. पाच फूट आणि त्याच्या वर सव्वीस इंची. पण चाक सव्वीसचंच असलं तरी फ्रेम लहान-मोठी येते. फ्रेमचं माप म्हणजे पायडलच्या मधल्या अक्षापासून सीटच्या उभ्या नळीच्या टोकापर्यंतची लांबी. त्यामुळे एकाच चाकाची एक सायकल पोरीला बसते आणि दुसरी बसत नाही.

हे घरी तपासायला सोपं आहे. पोरीला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी करा. दोन पायांच्या मध्ये एक जाड वही आडवी धरून वर सरकवा, जांघेला टेकेपर्यंत. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत शिलाईची टेप लावा. हे झालं तिच्या पायाचं माप. ते कागदावर लिहून दुकानात न्या. सीट सगळ्यात खाली केल्यावर जमिनीपासून सीटची उंची या मापापेक्षा थोडी कमी पाहिजे. म्हणजे शिकाऊ पोरीला सीटवर बसून दोन्ही पाय टेकता येतात. सरळ आडव्या नळीची सायकल असेल तर दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर नळी आणि अंग यांच्यात किमान दोन-तीन बोटं अंतर पाहिजे.

पोर सरावली की सीट हळूहळू वर घ्यायची. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट फार खाली राहिली तर गुडघे दुखतात आणि पोर म्हणते, सायकल जड आहे. कधी कधी सायकल जड नसते, सीट खाली असते.

दुसरी गोष्ट फ्रेम. आपल्या घराच्या छपराला कैची असते ना, तीन बाजूंची? त्रिकोण आहे म्हणून ती वजन पेलते, वाकत नाही. सरळ नळीच्या सायकलीत तसेच दोन त्रिकोण असतात, म्हणून ती जास्त मजबूत. लेडीज सायकलीची नळी तिरपी खाली येते. साडी, पंजाबी ड्रेस किंवा शाळेचा स्कर्ट घालून पाय उंच न टाकता बसता-उतरता यावं म्हणून ती तशी. त्यामुळे मजबुतीत ती थोडी कमी पडते, पण दप्तर आणि एक पोर एवढ्या ओझ्याला भरपूर पुरते. त्याच सायकलीवर मागे पन्नास किलोचं पोतं बांधून घरधनी बाजाराला निघाले तर मात्र तिचं आयुष्य कमी होणार.

फ्रेम लोखंडाची घ्यावी की अॅलॉयची? अॅलॉय हलकी असते, गंजत नाही, पण महाग. शिवाय तडा गेला तर गावातला वेल्डिंगवाला ती जोडू शकत नाही. लोखंडी सायकल अठरा-वीस किलोपर्यंत भरते, पण मोडली तर जवळच दुरुस्त होते. आपल्या कामाला साधी लोखंडी बरी. पावसाळ्यात फडक्यानं पुसायची एवढंच.

जुनी सायकल घेत असाल तर जोड बघा. हँडलच्या खाली जिथे नळ्या एकत्र येतात ती जागा आणि पायडलजवळची जागा. तिथे रंगाला बारीक सरळ रेघ पडली असेल आणि त्यातून गंज दिसत असेल, तर तो ओरखडा नाही, तडा आहे. ती सायकल घेऊ नका. मग बाजूनं उभं राहून पुढचा चिमटा बघा. तो मागे दाबल्यासारखा दिसला तर सायकल कुठेतरी जोरात धडकलेली आहे. चाक उचलून फिरवा. ब्रेकच्या रबराकडे बघत राहा. रिम डावी-उजवीकडे नाचत असेल तर चाक आऊट आहे. थोडा आऊट मिस्त्री तारा आवळून काढतो, पण रिम चेपलेली असेल तर नवीन रिमचा खर्च धरा.

तिसरी गोष्ट ब्रेक. याच्यात मी फसले होते. ब्रेक दुकानदाराच्या हाताला लागून चालत नाही, पोरीच्या हाताला लागला पाहिजे. तिला मूठ धरू द्या, मूठ न सोडता बोटं दांडीवर पोचतात का बघा. पुष्कळ ब्रेकच्या दांडीला एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की दांडी मुठीच्या जवळ येते. आमच्या पोरीच्या सायकलीलाही तो स्क्रू होता. दोन मिनिटांचं काम होतं. कुणी सांगितलंच नव्हतं आणि मी विचारलंच नव्हतं. ब्रेक पूर्ण दाबल्यावर दांडी मुठीला चिकटता कामा नये. चिकटली तर तार ढिली आहे किंवा रबर झिजलंय. या दोन्ही वस्तू स्वस्त आहेत, त्यांच्यासाठी थांबू नका.

डिस्क ब्रेक दिसायला भारी असतो आणि पावसात चांगला लागतो हे खरं. पण त्याची चकती वाकली किंवा पॅड झिजलं तर आपल्या गावात सुटा भाग मिळतो का, हे आधी विचारा. साधा रिमचा ब्रेक पावसात उशिरा लागतो. म्हणून पोरींना सांगा, ओल्या रस्त्यावर आधीपासून हळूहळू दाबत यायचं. उतारावर फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे पडतो. दोन्ही ब्रेक एकत्र, आणि वजन मागे.

चौथी गोष्ट चढ. गिअरची सायकल घ्यावी का, असं पुष्कळ आया विचारतात. साधा हिशेब सांगते. पायडलजवळच्या मोठ्या चाकीला समजा ४४ दात आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलची एक फेरी झाली की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. सव्वीस इंची चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे एका फेरीत सायकल साधारण पाच मीटर पुढे जाते. मागचं फ्रीव्हील २२ दातांचं बसवलं तर चाक बरोबर दोनदा फिरतं आणि सायकल चार मीटर जाते. एका फेरीत अंतर कमी कापलं जातं, पण पायाला जोरही कमी लागतो. सपाटीवर थोडं हळू, चढावर मात्र आराम. तुमच्या वाटेवर एकच चढ असेल तर गिअरच्या सायकलीसाठी दीड-दोन हजार जास्त घालण्याआधी मिस्त्रीला मोठं फ्रीव्हील बसवता येईल का ते विचारा. चेनला एखादी कडी वाढवावी लागते, एवढंच.

शॉकअपचंही तसंच. स्वस्त सायकलीतला शॉकअप वजन वाढवतो आणि चढावर पायाचा जोर स्वतःच खाऊन टाकतो. त्यापेक्षा जरा रुंद टायर घ्या आणि हवा बेताची ठेवा. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं. आपल्याकडे खडीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे बाभळीचे काटे आणि सराटे. मिस्त्रींनी शिकवलेला एक उपाय सांगते. जुनी निकामी ट्यूब उभी कापून तिची पट्टी टायर आणि नवीन ट्यूबच्या मध्ये घालायची. सगळे काटे थांबत नाहीत, पण आमच्या पोरींची पंक्चरं चांगलीच कमी झाली.

इथे पोरांबद्दलही बोलते. आमची मुलं मोबाईलवर व्हिडिओ बघतात. सायकलवर बसून कुणी दगडावरून दगडावर, भिंतीवरून भिंतीवर उड्या मारतो. त्या खेळाला ट्रायल्स म्हणतात आणि तो मोठा कसबाचा खेळ आहे. पण त्या सायकली नीट बघा. फ्रेम ठेंगणी, सीट एक तर अगदी खाली, नाहीतर मुळीच नाही, कारण त्यावर बसायचंच नसतं. गिअर हलका, ब्रेक एकदम कडक. ती सायकल तेवढ्याच कामासाठी बनवलेली असते, तिच्यावर शाळेला जाता येणार नाही. आणि बहिणीच्या शाळेच्या सायकलीवर भावानं बांधावरून उड्या मारल्या तर हँडलखालच्या जोडाला तडा जाणार. तो तडा रविवारी पडतो आणि पोर सोमवारी उतारावर असते. घरात हे एकदा स्पष्ट सांगा. सायकल पोरीच्या नावावर घेतली आहे, ती पोरीचीच.

आता लहान दिसणाऱ्या पण जिवावर बेतणाऱ्या वस्तू. चेनकव्हर पूर्ण असलेलं घ्या आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या. ओढणी चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. ओढणी कमरेला बांधूनच सायकलीवर बसायचं. दप्तर हँडलला टांगायचं नाही, वळताना तोल जातो. मागे कॅरिअरला बांधायचं. मागे लाल आणि पुढे पांढरा रिफ्लेक्टर हवाच. हिवाळ्यात शाळा सुटेपर्यंत अंधारून येतं आणि त्याच दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात.

पैशाचं बोलू. समजा सहा हजारांची सायकल, गटाचं कर्ज दरमहा शेकडा एक रुपया व्याजानं, दहा हप्ते. दर महिन्याला सहाशे मुद्दल. व्याज पहिल्या महिन्यात साठ, मग चोपन्न, मग अठ्ठेचाळीस असं उतरत शेवटी सहा रुपये. एकूण व्याज तीनशे तीस. हे आपल्याला पेलतं. पण कर्ज मागताना सहा हजारच मागू नका. कुलूप, जाळी, कॅरिअर, पहिल्या वर्षीची एक ट्यूब आणि ब्रेकचे रबर यांचे पाच-सातशे रुपये त्यात धरा. नाहीतर सायकल येते आणि पन्नास रुपयांच्या तारेसाठी महिनाभर उभी राहते. पावती घ्या आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर वहीत लिहून ठेवा. तो बहुधा पायडलच्या खाली किंवा सीटच्या नळीवर असतो. सायकल चोरीला गेली तर तोच पुरावा.

कर्जाआधी एक चौकशी करा. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. आपला तालुका त्यात आहे का आणि आपली पोर अटीत बसते का, ते मुख्याध्यापकांना विचारा. विचारायला लाजू नका.

कुणी म्हणेल, एका सायकलीनं काय होतं? बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी मोजून बघितलं, तेव्हा योग्य वयात हायस्कूलला जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली आणि हजारो बाया, शेतमजूर, खाणीत खडी फोडणाऱ्या, सायकल चालवायला लागल्या. कुणाच्या तरी येण्या-जाण्यावर अवलंबून राहणं संपलं, हे त्यांच्या दृष्टीनं मोठं होतं.

सायकल घरी आली की रोज निघण्यापूर्वी तीन गोष्टी बघायच्या. हवा, ब्रेक, चेन. अंगठ्यानं टायर दाबा, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा, चेन लोंबत नाही ना ते बघा. आठवड्यातून एकदा चेन पुसून दोन थेंब तेल, जास्त नाही, नाहीतर धूळ चिकटते. गटानं मिळून एक पंप, एक डंबेल पाना, पंक्चरचं सोल्युशन आणि ठिगळं घेऊन ठेवा. पोरींना पंक्चर काढायला शिकवा. एक खूण सांगते. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, ते आवळायला उलटं फिरवावं लागतं. आमच्या एका काकूंनी ते सुलटं आवळायला जोर लावला आणि पायडल हातातच आलं.

आता त्या पोरीचं सांगते. शेजारच्या वस्तीवर कॉलेजला जाणारी एक उंच मुलगी होती, तिच्याकडे जुनी चोवीस इंची लेडीज सायकल होती. दोघींच्या आया बसल्या, किमतीतला फरक ठरला, सायकलींची अदलाबदल झाली. मिस्त्रींनी ब्रेक पोरीच्या बोटाला लावून दिला. पहिले आठ दिवस तिची आई तिच्याबरोबर त्या उतारापर्यंत चालत जायची आणि खाली ओढ्यापाशी थांबायची. नवव्या दिवशी पोर म्हणाली, "आई, तू नको येऊस आता." दिवाळीनंतर ती रोज शाळेत जायला लागली. यंदा ती अकरावीत आहे. त्या एकवीसशे रुपयांच्या सवलतीत तिचं एक सत्र गेलं, हे मी विसरत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, माझी विनंती एवढीच. गटासाठी एकदम सायकली घेत असाल तर किमतीत घासाघीस जरूर करा, पण मापात करू नका. पुढच्या बैठकीला शिलाईची टेप घेऊन या. पोरींनाही बोलवा. प्रत्येकीचं माप वहीत लिहा, तिच्या वाटेवर चढ किती, ओढा किती, काटे किती तेही लिहा. आणि सायकल घ्यायला जाताना पोरीला बरोबर न्या. शाळेचा एक दिवस बुडाला तरी चालेल. तिला बसू द्या, ब्रेक दाबू द्या, दुकानासमोर दोन फेऱ्या मारू द्या. ती नको म्हणाली तर दुसरी दाखवायला सांगा.